संगणकाचा वेग वाढवावा का?

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव कोयना प्रकल्पामुळे महाराष्ट्राला माहीत झाले. पोफळीच्या वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडी धरणात अडवतात आणि त्याच पाण्यावर इथे पुन्हा वीज तयार करतात. प्रत्येकी ८० मेगावॉटची चार यंत्रे, म्हणजे एकूण ३२० मेगावॉट. ही यंत्रे ठरलेल्या गतीनेच फिरतात, कारण आपल्या देशातील विजेची लय सेकंदाला ५० आवर्तने अशी ठरलेली आहे. जास्त वीज हवी असेल तर पाणी जास्त सोडतात, गती तीच राहते.

घरातल्या संगणकालाही अशीच लय असते. त्याच्या प्रोसेसरला, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या भागाला, घड्याळासारखे ठोके मिळतात. ३.५ गिगाहर्ट्झ याचा अर्थ सेकंदाला ३५० कोटी ठोके! कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा हे ठोके जलद करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. काही प्रोसेसरांमध्ये नुसती आकड्यांची जुळणी बदलून ते करता येते. फुकटात वेग मिळतो असे वाटते आणि मुलांना मोह पडतो.

हा मोह अगदीच खोटा नाही. १९९८ साली इंटेल कंपनीचा ३०० मेगाहर्ट्झचा एक स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर बाजारात आला. अनेकांनी तो ४५० मेगाहर्ट्झवर चालवला. किंमत स्वस्त मालाची आणि वेग दीडपट! आता तशी चैन राहिली नाही. आजचे प्रोसेसर काम वाढले की आपणच वेग वाढवतात आणि फार तापले की कमी करतात. राखून ठेवलेली ताकद बहुतेक आधीच वापरलेली असते.

शिवाय उष्णतेचा हिशेब पाहा. वेग वाढवला की बहुधा विजेचा दाबही वाढवावा लागतो. वेग दहा टक्के आणि दाब दहा टक्के वाढवला, तर प्रोसेसरला लागणारी वीज दहा नव्हे, सुमारे तेहतीस टक्के वाढते; कारण दाबाचा परिणाम त्याच्या वर्गाच्या प्रमाणात होतो. ही सारी वीज शेवटी उष्णता होते. आतला पंखा प्रोसेसरवर खोलीतलीच हवा फिरवतो. कोकणातल्या मे महिन्यात ती हवाच तापलेली असेल, तर पंखा बिचारा काय करणार?

तापलेला आणि ताणलेला प्रोसेसर कधी अचानक बंद पडतो. तो बंद पडला तर निदान कळते. पण कधी तो चुकीचे उत्तर देतो आणि काहीच सांगत नाही, हे अधिक वाईट. घरात एकच संगणक असेल, त्यावर अब्बांच्या दुकानाचा हिशेब आणि आपाचा अभ्यास असेल, तर हा धोका लहान नाही. अशा प्रयोगाने कंपनीची हमीही जाऊ शकते.

मुळात संगणक हळू का चालतो, हे आधी पाहावे. समजा, एखादे काम व्हायला ६० सेकंद लागतात. त्यांतील ५० सेकंद जुन्या हार्ड डिस्कची वाट पाहण्यात जातात आणि प्रोसेसरचे काम फक्त १० सेकंदांचे असते. प्रोसेसर दहा टक्के जलद केला तरी जेमतेम एक सेकंद वाचेल. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप! विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कोणत्या भागावर किती भार आहे ते दिसते. डिस्क १०० टक्के गुंतलेली असेल तर एसएसडी बसवावी. स्मृती भरलेली असेल तर ती वाढवावी. पंख्यावर धूळ साचली असेल तर संगणक बंद करून ती मऊ ब्रशने काढावी. याला पैसेही लागत नाहीत.

चित्रफितींचे संपादन करताना प्रोसेसरच तासन्तास १०० टक्के गुंतलेला दिसला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ओव्हरक्लॉकिंगचा विचार जरूर करावा. मात्र आधी फायलींची दुसरी प्रत काढून ठेवावी, वेग थोडा थोडा वाढवावा आणि प्रत्येक वेळी संगणक काही तास भरपूर कामाला लावून तापमान पाहावे. ही पाहणी दुपारी करावी, पहाटेच्या गारव्यात नको.