अनेक बिले, अनेक भरणे आणि एक जोडवही

एका बिलास एकच भरणा, असा सरळ व्यवहार घाऊक धान्यबाजारात क्वचितच घडतो. गिऱ्हाईक एका रकमेत तीन बिलांचे पैसे पाठविते, तर एखादे मोठे बिल चार हप्त्यांनी फिटते. बिले अनेक आणि भरणेही अनेक. संगणकशास्त्रात यास अनेकांचा अनेकांशी संबंध म्हणतात.

पर्वत पाटिया येथील एखाद्या किरकोळ दुकानदाराच्या नावे दोन बिले आहेत असे धरू : पहिले 40,000 रुपयांचे, दुसरे 60,000 रुपयांचे. त्याने 50,000 रुपयांचे दोन भरणे केले. पहिल्या भरण्यातून पहिले बिल फिटले व उरलेले 10,000 दुसऱ्यात गेले. दुसरा भरणा सर्वस्वी दुसऱ्या बिलात जमा झाला. आता संगणकावर बिलासमोर भरणा मांडून तक्ता काढल्यास तीन ओळी होतात. दुसरे बिल दोनदा येऊन विक्री 1,60,000 दिसते. पहिला भरणा दोनदा येऊन वसुली 1,50,000 दिसते. वस्तुतः दोन्ही रकमा 1,00,000 च आहेत.

यावर उपाय म्हणजे बिलवही व भरणावही यांच्यामध्ये तिसरी जोडवही ठेवणे. तिच्या प्रत्येक ओळीत भरण्याचा क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि त्या बिलास लावलेली रक्कम, एवढेच असावे. 40,000, 10,000 आणि 50,000. बेरीज बरोबर 1,00,000. विक्रीची बेरीज बिलवहीतून, वसुलीची भरणावहीतून घ्यावी. कोणत्या बिलावर किती बाकी, हे मात्र जोडवहीवरून काढावे. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या तक्त्यांच्या पद्धतीतही हाच मार्ग अवलंबिला जातो.

कोणती रक्कम कोणत्या बिलास लावावी, हे यंत्राने ठरवावयाचे नसते. 1872 च्या भारतीय करार कायद्याची 59 ते 61 ही कलमे त्याविषयीच आहेत. देणेकऱ्याने बिल सांगितले असेल, तर रक्कम त्यासच लावावी. न सांगितल्यास घेणेकऱ्याने ठरवावे. दोघांनीही न ठरविल्यास जुने देणे आधी फिटते. उधारीच्या दाव्यास सामान्यतः 3 वर्षांचीच मुदत असल्याने नेमके कोणते बिल उरले, हे दाखविता येणे अगत्याचे आहे.

तत्त्वार्थसूत्रात कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा सत्याणुव्रताचा अतिचार गणिला आहे. अजाणता फुगलेली बाकी हा तो दोष नव्हे. परंतु फेडलेले पैसे ज्याच्याकडे पुन्हा मागितले जातात, त्यास या दोहोंतील भेद कसा कळावा?