तळाचा हिशेब

पावसाळ्यात आमच्या सदलग्याचं सगळं लक्ष काळम्मावाडी धरणाकडे असतं. 2005 आणि 2019 च्या महापुरांनंतर तर धरणाचा आकडा ऐकल्याशिवाय दूधगंगा नदीकाठचा दिवस सरत नाही. धरणाची क्षमता 25.39 टीएमसी. रोज मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी. साठा तक्त्यावरून काढतात. तो तक्ता तळाच्या आकारावर बेतलेला, आणि तळावर दरवर्षी गाळ बसतो. प्रतिध्वनीवरून तळ शोधणाऱ्या सोनार यंत्राचं काम इथं सुरू होतं.

1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' जहाजानं जगाचे समुद्र मोजले ते दोरीला वजन बांधून. 1925 ते 1927 मध्ये जर्मनांच्या 'मेटिओर'नं प्रतिध्वनीच्या जोरावर दक्षिण अटलांटिकचा तळ रेखाटला. तेव्हापासून आजवर यंत्रं कितीतरी सुधारली, पण मूळ गोष्ट तीच राहिली: यंत्र खोली मोजत नाही, ध्वनी जाऊन परतायला लागलेला वेळ मोजतं. खोली माणूस काढतो. गोड्या पाण्यात 20 अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1482 मीटर, 30 अंशांना 1509. तापमान दहा अंशांनी चुकीचं धरलं तर 50 मीटर खोलीत जवळपास 90 सेंटीमीटरचा फरक पडतो. एवढ्या थराचा गाळ नुसत्या हिशेबात येतो किंवा जातो!

कंपनसंख्येचंही तसंच. 200 किलोहर्ट्‌झचा ध्वनी मऊ गाळाच्या माथ्यावरूनच परततो, 33 चा बराचसा गाळात शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. दोन्ही रेषा खऱ्या असतात. त्यांच्यामधलं अंतर वाचता आलं की गाळाची जाडी कळते. मधेच माशांचा थवा किंवा वायूचे बुडबुडे आले तर खोटा तळ उमटतो.

वाचनात घाई झाली की काय होतं, ते 2001 मध्ये देशानं पाहिलं. खंभातच्या आखातात साइड-स्कॅन सोनारवर चौकोनी आकार दिसले आणि बुडालेल्या प्राचीन नगराची घोषणा झाली. तिथल्या भरतीच्या प्रवाहात तळावरच्या वस्तू कुठून कुठं वाहत येतात, आकार यंत्रामुळं तर उमटले नाहीत ना, हे प्रश्न अभ्यासकांनी नंतर विचारले. ते घोषणेआधी विचारायला हवे होते.

आमचा प्रश्न त्याहून साधा, पण जिवाचा आहे. धरण महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात. साठ्याच्या आकड्याशेजारी तक्ता कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणाचा, ध्वनीचा वेग कोणता धरला आणि गाळाची कोणती रेषा घेतली, एवढं छापलं, तर दोन्ही राज्यांचे अभियंते आणि काठावरचे शेतकरी एकाच नोंदीवर बोलू शकतील.