शंभरातले साडेतीन रुपये

१९६० सालच्या नव्या पैशाची आज किंमत किती असेल? हिशेब अगदी सरळ आहे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आधी १९६० च्या पायावर मोजत, मग १९८२ च्या, मग २००१ च्या आणि आता २०१६ च्या पायावर मोजतात. एका पायावरून दुसऱ्यावर जाताना अखिल भारतीय आकड्यांना जोडणारे गुणक ठरवले गेले : ४.९३, ४.६३ आणि २.८८. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या पायावरचा निर्देशांक १४४.५ होता. सगळ्यांचा गुणाकार करून शंभराने भागले की उत्तर येते ९५. म्हणजे १९६० चा एक नवा पैसा २०२४ च्या ९५ पैशांच्या बरोबरीचा. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून कायमची गेली तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. पण हिशेबाने पाहिले तर आपल्या खिशातला रुपया हाच आता नवा पैसा आहे. दुकानदार त्याच्याऐवजी चॉकलेट देतो आणि आपण ते मुकाट्याने घेतो.

या निर्देशांकाशी सोलापूरचे नाते फार जुने आहे. जुनी गिरणी १८७७ ची. तिच्यामागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गावाचे आयुष्य भोंग्यावर चालू लागले. १९२० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या लेबर ऑफिसने इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हे वर्ष १०० धरून सोलापूरचा स्वतंत्र राहणीमान निर्देशांक निघू लागला. पुढे १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहरावरचा अभ्यासग्रंथ गोखले अर्थशास्त्र संस्थेने काढला. गिरण्या बंद पडल्या, कामगार यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, विडीच्या सुपावर गेले, तरी मोजदाद थांबली नाही. आजही देशातल्या ज्या ८८ केंद्रांवरून हा निर्देशांक ठरतो, त्यांत सोलापूर आहे. निर्देशांकासाठी ज्यांच्या किमती पाहतात त्या वस्तूंच्या टोपलीत २००१ च्या पायावर ३९२ वस्तू होत्या, २०१६ च्या पायावर ४६३ झाल्या.

केंद्र सरकारी नोकर आणि निवृत्तिवेतनधारक मिळून एक कोटीहून अधिक लोकांचा महागाई भत्ता याच आकड्यावर ठरतो. सोलापूरच्या बाजारात तूरडाळ चढली, की तिचा अगदी कणभर का होईना, भाग दिल्लीतल्या कारकुनाच्या पगारात जातो. ती डाळ विकत घेणाऱ्या विडी कामगार बाईला मात्र महागाई भत्ता कसला ते विचारू नये.

आता आख्ख्या गावाचा खर्च काढू. २०२२-२३ च्या राष्ट्रीय घरखर्च पाहणीत महाराष्ट्रातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,६५७ रुपये निघाला. या सरासरीत मुंबई-पुणे आहेत. सोलापूरला ती जड जाईल. म्हणून निम्मीच धरू, ३,३०० रुपये. लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेचीच, साडेनऊ लाख. असा हात आखडून केलेला हिशेबही महिन्याला ३१३ कोटींवर, दिवसाला साडेदहा कोटींच्या घरात जातो. दुकाने बारा तास उघडी धरली तर दर मिनिटाला साधारण एक लाख पंचेचाळीस हजार रुपये सोलापूरकरांच्या खिशातून बाहेर पडतात, मग दिवस मंगळवार बाजाराचा असो की चाटी गल्लीत शुकशुकाटाचा.

पण रकमेपेक्षा तिची वाटणी जास्त चक्रावून टाकणारी आहे. शहरी भारतात एक माणूस महिन्याला सुमारे ८ किलो धान्य खातो. साडेनऊ लाख माणसांचे झाले ७६ लाख किलो. रोजचे अडीच लाख किलो, म्हणजे दहा टनी पंचवीस ट्रक. आता क्षणभर समजू की या सगळ्या धान्याची भाकरीच केली. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरा. रोजच्या पंचवीस लाख भाकरी होतात. वीतभर रुंदीच्या या भाकऱ्या रेल्वेच्या रुळाशेजारी ओळीने मांडत गेलो, तर साडेचारशे किलोमीटरवरची मुंबई गाठूनही काही हजार भाकऱ्या नव्हे, चक्क दोन-अडीच लाख उरतील. आणि ही ओळ दररोज नव्याने मांडायची.

एवढ्या डोंगराएवढ्या धान्यावर शहरी कुटुंबाच्या शंभर रुपयांतले जातात किती? २०२२-२३ च्या पाहणीप्रमाणे ३ रुपये ६४ पैसे. १९९९-२००० मध्ये हेच १२ रुपये ३९ पैसे होते. खेड्यात तर २२ रुपये २३ पैशांवरून ४ रुपये ९१ पैशांवर घसरण झाली. याला रेशन कारण आहेच. जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखालचे धान्य फुकट आहे. शिवाय आपण धान्य कमी खाऊ लागलो, हेही खरे. १९९९-२००० मध्ये शहरी माणूस महिन्याला दहा किलोंहून जास्त धान्य खात होता. ज्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तिथे बायका आता कडक भाकरीचे पाकीट विकतही घेतात. पूर्वी हे ऐकून सासूने कपाळावर हात मारला असता.

त्याच शंभर रुपयांत प्रवासाला आणि पेट्रोलला ८ रुपये ५९ पैसे लागतात, म्हणजे धान्याच्या दुपटीहून जास्त. चहा, शीतपेये, बिस्किटे, फरसाण, तयार जेवण यांवर १० रुपये ६४ पैसे, म्हणजे जवळपास तिप्पट. ‘भाकरीसाठी राबतो’ असे म्हणणारा माणूस खरे पाहता पेट्रोल आणि फरसाणासाठी जास्त राबतो. चादरीच्या गावाला आणखी एक टोचणारा आकडा : कामगारांच्या निर्देशांकात कपडे आणि पादत्राणे मिळून वजन जेमतेम सहा टक्के.

खरेदीची रीत तर पार उलटली. पूर्वी ज्वारी-गहू वर्षाकाठी एकदा भरायचे, कणग्या आणि पिंपे भरली की घरधनी निर्धास्त. किराणा महिन्याला, पगार झाल्यावर, तोही वहीवर. भाजी आठवड्याच्या बाजारात. वर्षभराच्या खरेद्या मोजायला पाच-पंचवीस वेळा बोटे मोजली की पुरे. आता पिठाची पाच किलोची पिशवी, शाम्पूची पुडी, पाच रुपयांचे बिस्किट, आणि प्रत्येकासाठी मोबाइल काढून चौकोनी कोडवर धरायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा २,००० कोटींच्या पुढे गेले. एका महिन्यात २४ लाख ८५ हजार कोटी रुपये फिरले. सेकंदाला ७,४०० हून अधिक व्यवहार पडले. २०१६-१७ या पहिल्या वर्षात मिळून दोन कोटीही व्यवहार झाले नव्हते. तेवढे आता पाऊण तासात उरकतात. दुकानात दिलेल्या रकमांपैकी शंभरातल्या ऐंशीहून अधिक पाचशे रुपयांच्या आतल्या असतात.

घरखर्चाचा हा हिशेब एखाद्या नव्या वस्तीला लावून पाहण्यासारखा आहे. सोलापूरलगत कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प आहे. त्यांतली १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. सगळी घरे भरली आणि घरटी महिन्याला एक किलो मीठ लागले, तर नुसते मीठच ३० टन. अर्धा लिटर दूध म्हटले तर रोजचे १५ हजार लिटर.

मीठ आणि दूध आपल्या आजीच्या हिशेबातही होते. मोबाइलचे रिचार्ज नव्हते. घरात दोन फोन आणि रिचार्ज दोनशे रुपयांचे धरू. बहुतेकांचा फोनचा महिना २८ दिवसांचा, म्हणून वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. सगळ्या वस्तीचे वर्षाचे १५ कोटी ६० लाख झाले. त्यातला नुसता तेरावा रिचार्ज, कॅलेंडरमध्ये नसलेल्या महिन्याचा, १ कोटी २० लाखांचा. चाळीस रुपये किलोने त्याची ज्वारी घेतली तर ३०० टन येते. सोलापूर शहराचे एका दिवसाचे सगळे धान्य भागवून वर पाच ट्रक शिल्लक राहतात.