सहा ध्वनिधारा आणि एक तार

गृहसंगणकावर सहा ध्वनिधारांचे उत्तम मुद्रण लावावे आणि समोरचे दोनच स्पीकर बोलावेत, असा अनुभव पुष्कळांना येतो. नवे स्पीकर घेण्यापूर्वी थोडा हिशेब करणे बरे. सेकंदास ९६,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा. अशा सहा धारांचे सेकंदास १,३८,२४,००० बिट होतात. ध्वनीच्या प्रकाशीय तारेची रूढ पद्धती अशा असंकुचित धारा दोनच नेते. सहा हव्यात, तर त्या डॉल्बी डिजिटलसारख्या रीतीने आकुंचित कराव्या लागतात. मग सूक्ष्मतेचा काही अंश गेलाच! २००२ साली आलेल्या एचडीएमआय पद्धतीत मात्र आठ असंकुचित धारांची सोय आहे. तरीही ध्वनिवर्धकाच्या पटलावर ९६ ऐवजी ४८ हा आकडा दिसला, तर संगणकातील ध्वनिमिश्रकाने नमुने वाटेतच घटविले असावेत. त्याचा ठरविलेला दर प्रथम पाहावा.