एक प्रत्यय आणि दोन ज्वर

पावसाळा सरत आला, की विदर्भातून स्क्रब टायफसच्या वार्ता येऊ लागतात, आणि त्या वाचून चांगला सुशिक्षित मनुष्यही ‘म्हणजे टायफॉइडच ना?’ असे विचारतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. टायफस आणि टायफॉइड ही दुखणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी वैद्यकाच्या दप्तरीही बहुधा एकाच खाती जमा होत असत.

ग्रीक भाषेत ‘टायफोस’ म्हणजे धूर. ज्वराच्या तंद्रीत रोग्याची बुद्धी धुरकटते, म्हणून एका रोगास टायफस हे नाव पडले, आणि त्याच्यासारखा भासणाऱ्या दुसऱ्या ज्वरास ‘टायफससदृश’ या अर्थी टायफॉइड म्हणू लागले. सादृश्याचा प्रत्यय नावात कायमचा बसला, भेद मात्र बाहेरच राहिला.

तो भेद निःसंदिग्धपणे दाखविणाऱ्या विल्यम वुड गेऱ्हार्डचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. रोग्याच्या खाटेपाशी केलेली नोंद शवविच्छेदनाशी ताडून पाहण्याची शिस्त पॅरिसमध्ये पिएर लुई यांच्यापाशी आत्मसात करून आलेला हा तरुण वैद्य १८३६ च्या टायफसच्या साथीत फिलाडेल्फियाच्या इस्पितळात मृतांची आतडी एकामागून एक तपासत गेला, आणि टायफॉइडमध्ये हटकून सुजणारे, व्रणित होणारे लहान आतड्यातील ग्रंथिपुंज येथे निरोगी आहेत असे पाहून, १८३७ मध्ये त्याने हे दोन स्वतंत्र रोग असल्याचे प्रसिद्ध केले. टायफॉइडचा जंतू दृष्टीस पडण्यास अद्याप चार दशके अवकाश होता! पुढे श्रेयाचा मोठा वाटा लंडनच्या विल्यम जेनर यांच्या पदरी पडला. त्यांचे काम कसदार खरे, परंतु ते १८४९ च्या सुमाराचे, आणि हा अन्याय मला नेहमीच खटकत आला आहे.

टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून पोटात शिरतो; साथीचा टायफस कपड्यांतील उवेमार्फत पसरतो, हे १९०९ मध्ये ट्यूनिसला शार्ल निकोल यांनी सिद्ध केले. तरीही जर्मन भाषेत टायफस म्हणजे आजही टायफॉइडच. टायफॉइडच्या आपल्या ‘मुदतीचा ताप’ या नावाने निदान ज्वराचा लांबलेला मुक्काम तरी सांगितला.

स्क्रब टायफस हा या दोहोंहून निराळा, झुडुपांतील सूक्ष्म माइटच्या अळीच्या चाव्याने होणारा. डॉक्सिसायक्लिनने तो वेळीच आटोक्यात येतो, पण टायफॉइडच्या समजुतीने दिलेली नेहमीची औषधे बहुधा व्यर्थ जातात. चाव्याच्या जागी पुष्कळदा न दुखणारी काळी खपली असते, आणि ती काखेत वा जांघेत दडलेली असल्यामुळे रोग्याचे अंग उघडून पाहणाऱ्या डॉक्टरालाच सापडते.