शिकाऊ वर्ष आणि हाताची दहा बोटे

आयटीआय झाले की आपल्या वस्त्यांतली मुले चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीची वाट धरतात. वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात सोयाबीन, तूर, हरभरा आणि त्यावरची मजुरी हेच मुख्य काम. शेकडो पोरे सामावतील असे कारखाने आसपास नाहीत. त्यामुळे ‘पोरगा अप्रेंटिस लागला’ ही घरात पेढे वाटण्याची बातमी असते. महिन्याला किती मिळणार, खोली कुठे, डब्याचे काय, हे आपण सगळे विचारतो. ज्या यंत्रावर तो उभा राहणार आहे त्याला जाळी आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

रिठदचाच एक मुलगा सध्या हे शिकाऊ वर्ष करतो आहे, आणि तेही कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या विभागात. आयटीआयमध्ये ‘हेल्थ, सेफ्टी अँड एन्व्हायर्नमेंट’ नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तो त्याने केला. नाव छापू नका म्हणाला, कंपनीचेही नको. वर्ष अजून पुरे व्हायचे आहे, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे.

पहिले पंधरा दिवस त्याला वाटले, हे कसले काम? सकाळी पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटे कामगारांना गोळा करून आजच्या धोक्याबद्दल बोलायचे, त्याला तिथे ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. मग शॉपमध्ये फिरायचे. बूट, हातमोजे, चष्मे, कानातले बोळे कोणी घातले, कोणी नाही, ते लिहायचे. आग विझवायच्या सिलिंडरची तारीख बघायची. कोणी घसरले पण लागले नाही, वरून पाना पडला पण डोक्यावर पडला नाही, अशा थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची वेगळी वही असते. तिला ‘निअर मिस’ रजिस्टर म्हणतात. घरी आपण अशा वेळी ‘वाचला बुवा’ म्हणून विषय सोडून देतो. कारखान्यात तोच प्रसंग लिहून ठेवायचा असतो, कारण आज चुकलेला पाना उद्या लागतो.

तिसऱ्या महिन्यात त्याने ते पाहिले. पॉवर प्रेसवर ठेकेदाराचा एक मुलगा होता, विशीतला. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. उत्पादन वाढावे म्हणून त्यातले एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले होते. आमच्या मुलाने दोन दिवस आधी ते रजिस्टरमध्ये लिहिले होते. सुपरवायझर म्हणाला, “तू शिकायला आलास ना? मग शीक.” तिसऱ्या दिवशी त्या ठेकेदाराच्या मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

हा एकाच कारखान्यातला अपवाद समजू नका. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत हात चिरडलेल्या कामगारांची मोजदाद त्यात असते, आणि त्यात पॉवर प्रेस वारंवार येतो. हात जाणारे बहुतेक लहान पुरवठादार कारखान्यांतले आणि ठेक्यावरचे असतात. मोठ्या कंपनीच्या फाटकावर सुरक्षेचा फलक चकचकीत असतो, पण तिला माल पुरवणाऱ्या मागच्या शेडमध्ये सुरक्षा अधिकारीच नसतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात असा अधिकारी सर्वसाधारण कारखान्यात १,००० किंवा त्याहून अधिक कामगार असतील तरच सक्तीचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही मर्यादा ५०० वर आली, धोकादायक कारखान्यांसाठी २५०. चाळीस माणसांच्या शेडला यातले काहीच लागत नाही.

बोट तुटले तर पहिल्या तासात काय करायचे, हे आपल्या घराघरात माहीत पाहिजे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका, तसे केले तर ते जोडण्याच्या कामाचे राहत नाही. हळद, चुना, कॉफी जखमेत भरू नका. १०८ ला फोन करा. वेल्डिंगची आच डोळ्याला लागली तर बटाट्याच्या चकत्या ठेवून रात्र काढण्यापेक्षा डॉक्टरला दाखवलेले बरे.

आता कागदाचे. शिकाऊ मुलाला कायद्यात कामगार म्हणत नाहीत, प्रशिक्षणार्थी म्हणतात. याचा फायदा घेऊन त्याच्याकडून वाटेल ते करून घेतले जाते. पण १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा स्पष्ट आहे. कामगाराच्या आरोग्याचे आणि सुरक्षेचे जे नियम, तेच शिकाऊला लागू. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. शिकाऊ सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. याच कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे कलम आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरले. मात्र हे सगळे करार नोंदलेला असेल तरच हाती लागते. ‘ट्रेनी’ म्हणून नुसते तोंडी ठेवून घेतले असेल तर अपघाताच्या दिवशी फाटकावर त्याला कोणी ओळखत नाही. कराराची एक प्रत घरी, पेटीत, जातीच्या दाखल्याशेजारी ठेवा.

मुलांना जाहिरातींबद्दलही सावध करा. ‘सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर, दुबईत नोकरी’ असे फलक तालुक्याच्या बसस्थानकापर्यंत आले आहेत. महाराष्ट्रात सुरक्षा अधिकारी व्हायला आधी पदवी किंवा अभियांत्रिकी पदविका, कारखान्यातला अनुभव आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते. सहा महिन्यांच्या खासगी प्रमाणपत्राने ते होत नाही. शेत गहाण टाकून फी भरण्याआधी त्या संस्थेला मान्यता कोणाची, हे लेखी मागा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, तेव्हा ते स्वतः खाली खाणीत उतरले होते, हे मात्र भाषणात क्वचित येते. सुरक्षेच्या विभागातल्या पोराचे रोजचे काम तसेच आहे. काम चालते तिथपर्यंत जायचे आणि डोळ्यांनी पाहायचे.

हे शिक्षण कारखान्यापुरते राहत नाही. बंद जागेत उतरण्याआधी आतली हवा तपासायची, बाहेर माणूस उभा ठेवायचा, कमरेला दोर बांधायचा, हे त्याला तिथे शिकवले. बंद पडलेली विहीर आणि शौचालयाची टाकी या आपल्या गावातल्या बंद जागाच आहेत. पहिला आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. सुरक्षा साधनांशिवाय सफाईसाठी टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. आपल्या माणसाला कोणी पाचशे रुपयांवर आत उतर म्हणाले तर ही रक्कम त्याला ऐकवा.

फवारणीचेही तसेच. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, औषधे एकात एक मिसळलेली, अंगावर साधा सदरा. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त कमी जहाल. घाम फुटणे, लाळ सुटणे, मळमळ, अंधुक दिसणे, अंग थरथरणे यातले काहीही दिसले की काम थांबवा. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. उलटी करवू नका. डबा पाहिला की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

दिवाळीला तो घरी आला तेव्हा सोयाबीनची सोंगणी होऊन गंज्या लागल्या होत्या आणि थ्रेशर गावात फिरत होता. घास टाकायला त्याची माय उभी होती, पदर मोकळा.

“माय, पदर खोच अन् मांगं सरक.”

“अरे, पंधरा वर्सं झाली टाकतो मी. कंपनीतून आला अन् मलेच शिकवतं?”

तरी तिने पदर खोचला. मग तो थ्रेशरच्या मालकाकडे गेला. माल टाकायचा पन्हाळ निदान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातला ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. मळणी यंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदाच आहे. मालक आधी हसला. मग मजुरांनीच विचारायला सुरुवात केली, कारण शेजारच्या गावात कोणाचा हात गेला ते सगळ्यांना माहीत होते. मुलाने आणखी एक गोष्ट लावून दिली. ट्रॅक्टर कुठे बंद करायचा हे एकट्या चालकाला नाही, घास टाकणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवून ठेवायचे. हात अडकला तर आधी यंत्र बंद करायचे, ओढाओढ नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाने वेल्डरकडून पन्हाळावर पत्रा मारून घेतला. खर्च त्याने मजुरीतून कापायचा प्रयत्न केला, बायांनी तो होऊ दिला नाही. पट्ट्यावरची जाळी मात्र ‘पुढच्या हंगामाला’ म्हणून राहिली. हरभऱ्याच्या मळणीला तोच थ्रेशर येणार आहे आणि त्याचा पट्टा अजून उघडाच आहे.