‘पत’ आणि ‘पतइतिहास’

‘क्रेडिट हिस्टरी’ या संज्ञेसाठी ‘पतइतिहास’ हा प्रतिशब्द योजिला जातो. परंतु शब्दास शब्द मिळाला म्हणून अर्थास अर्थ मिळतोच असे नाही. प्रस्तुत टिपणात या दोहोंतील अंतर पाहावयाचे आहे. कारण क्रेडिट कार्ड व कर्जफेडीची नोंद प्रत्येकास आवश्यक आहे काय, हा प्रश्न त्याच्याशीच निगडित आहे.

‘क्रेडिट’ हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या ‘क्रेदेरे’ या लॅटिन क्रियापदापासून आला. संस्कृत ‘श्रद्धा’ हा त्याचा सगोत्र होय. मराठी ‘पत’ही विश्वासवाचकच आहे. ‘पत राखणे’, ‘पत जाणे’ हे प्रयोग पैशाप्रमाणे लौकिकासही लागू पडतात. ज्याने कधी कर्ज काढले नाही त्याचीही पत असू शकते. भारतातील १९०४ च्या सहकारी पतसंस्थांविषयीच्या कायद्याने ग्रामीण संस्थांतील सभासदांची जबाबदारी सामान्यतः अमर्यादित ठेविली, तिच्या मुळाशी हाच परस्परांच्या ओळखीचा विश्वास होता.

पतइतिहासाचे स्वरूप याहून निराळे आहे. ‘सिबिल’ ही संस्था २००० साली स्थापन झाली व अशा संस्थांच्या नियमनाचा कायदा २००५ साली झाला. बँकांनी कळविलेल्या नोंदींवरून ३०० ते ९०० या मर्यादेत एक अंक काढला जातो. हप्ते वेळेवर भरले काय, कार्डाच्या मर्यादेपैकी किती भाग वापरला, खाती किती जुनी आहेत, या गोष्टी त्यात पाहिल्या जातात. बचत खात्यातील शिल्लक धरली जात नाही. सारांश, पत ही माणसाविषयी असते, पतइतिहास हा त्याच्या ऋणाविषयी असतो.

यावरून हे उघड होईल की, ऋण न काढणाऱ्याचा अंक कमी नसतो. त्यास अंकच नसतो. प्रमाणाचा अभाव आणि अभावाचे प्रमाण या दोन गोष्टी भिन्न होत. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ च्या निर्देशांत, प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून नाकारू नये, अशी सूचना बँकांना केली आहे.

तेव्हा ज्यास पुढेमागे घरासाठी कर्ज काढावयाचे आहे, त्यास अशी नोंद उपयुक्त ठरते. कार्ड हे तिचे एक साधन आहे, एकमेव नव्हे. वेळेवर फेडलेल्या लहानशा कर्जानेही ती तयार होते. त्यासाठी कार्डावर बाकी ठेवावी लागते, ही समजूत निराधार आहे. दरमहा पूर्ण रक्कम भरली तरी नोंद होतेच. उलट केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास अनेक कार्डांवर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज चढते.

ज्यास कर्ज नको, त्यास नोंदीसाठी ऋणको होण्याचे कारण नाही. अशा माणसाविषयी ‘त्यास पत नाही’ असे म्हणणे हा शब्दाचा अपप्रयोग तर आहेच, शिवाय त्या माणसावर अन्यायही आहे. ‘त्याची नोंद नाही’ एवढेच म्हणणे यथार्थ होय.